बेरीवरचा ढेकूण: चिरडण्याआधी अंडी बघा

पिकलेली रास्पबेरी तोंडात टाकली आणि जिभेवर कडवट, साबणासारखी चव पसरली, तर फळाला दोष देऊ नका. त्यावर ढेकूण बसून गेलाय. फळ वरून छान दिसतं, आत अळी नसते, तोडताना हातालाही काही जाणवत नाही. नुसता त्याचा वास लागलेला असतो, आणि अशी चार फळं सगळ्या टोपलीला बदनाम करतात.

ढेकूण म्हणजे इथे गादीतला नव्हे. दोघांनाही सोंड असते आणि दोघेही हेमिप्टेरा या एकाच मोठ्या गणातले, पण घराणी वेगळी. आपला पाहुणा पेंटाटोमिडी कुळातला, वरून ढालीच्या आकाराचा. (मराठीत ढालकिडा म्हणतात तो लेडीबर्ड भुंगा, तो आपल्या बाजूचा. नावांचा हा घोळ सुरुवातीलाच डोक्यातून काढून टाका.) प्रौढाच्या वासाच्या ग्रंथी पोटाकडच्या बाजूला, पायांच्या मुळाशी असतात, पिल्लांच्या मात्र पाठीवर. त्या वासातली काही अल्डिहाइड कोथिंबिरीच्या पानातही असतात, म्हणून काहींना हा वास ओळखीचा वाटतो.

नवीन माणूस एक चूक हमखास करतो, मीही केली. ढालीसारखं काहीही दिसलं की चिरडायचं आणि पानामागे अंडी दिसली की पान खुडून टाकायचं. पुढे भिंग घेऊन बसायला लागलो तेव्हा कळलं की चिरडलेल्यांत ढेकूण खाणारे ढेकूण होते, आणि खुडलेल्या अंड्यांच्या आत बऱ्याचदा ढेकूण नव्हताच. तेव्हा कामाचा क्रम असा ठेवा.

पायरी 1: हे काम ढेकणाचंच आहे ना?

ढेकूण चावत नाही, टोचून शोषतो. म्हणून कुरतडलेलं पान किंवा भोकं पडलेलं फळ दिसलं तर गुन्हेगार दुसरा आहे. ढेकणाची खूण पिकानुसार बदलते.

रास्पबेरी आणि ब्लॅकबेरीत फळ अनेक छोट्या दाण्यांचं असतं. ढेकूण दोन दाण्यांच्या फटीतून सोंड घालून आतल्या गाभ्यापर्यंत पोचतो, किंवा थेट एखादा दाणा शोषतो. तो दाणा तपकिरी पडतो, बसतो, सुकतो. फक्त पांढरे पडलेले दाणे दिसले, तेही फळाच्या उन्हाकडच्या बाजूला आणि न सुकलेले, तर बहुधा तो उन्हाचा चटका आहे. त्यासाठी ढेकणाच्या मागे लागू नका.

ब्लूबेरीवर बाहेरून जवळजवळ काही दिसत नाही. फळ कापलं की सालीखाली तपकिरी, बुचासारखा डाग दिसतो. टोचताना ढेकणाची लाळ सोंडेभोवती घट्ट होते आणि तिची बारीक नळी फळातच राहते. प्रयोगशाळेत अ‍ॅसिड फुक्सिन या रंगानं ती नळी गुलाबी करून, एका फळाला किती वेळा टोचलंय हे मोजतात. आपल्याला इतकं करायची गरज नाही, सुरीनं दहा फळं कापली तरी अंदाज येतो.

स्ट्रॉबेरी वेडीवाकडी झाली तर ढेकूण हा संशयितांपैकी एक. तिथे लायगस नावाचा लहान, चपटा ढेकूण जास्त वेळा दोषी निघतो, आणि कधी कधी कोणीच दोषी नसतं, परागीभवनच अर्धवट झालेलं असतं. फरक बियांवरून कळतो. आक्रसलेल्या जागी बिया बारीक, न वाढलेल्या असतील तर परागीभवन कमी पडलं. बिया नेहमीच्या आकाराच्या पण एका ठिकाणी दाटलेल्या असतील तर सोंडवाल्यानं तिथे टोचलंय.

पायरी 2: ढेकूण ओळखा आणि त्याचा तोतयाही ओळखा

जगभर बेरीवर येणारे ढेकूण अनेक आहेत, पण सुरुवातीला चार-पाच ओळखता आले तरी पुष्कळ. हिरवागार, मोठा, गुळगुळीत दिसतो तो नेझारा व्हिरिडुला किंवा त्याचे नातेवाईक. युरोपात डॉलिकोरिस बक्कारम हा केसाळ, जांभळट-तपकिरी ढेकूण बेरीवर नेहमीचा. बक्कारम या शब्दाचा अर्थच ‘बेरींचा’. उत्तर अमेरिकेत युशिस्टस वंशाचे तपकिरी ढेकूण ब्लॅकबेरी-रास्पबेरीवर येतात. आणि सगळ्यांत जास्त गाजलेला हॅलिओमॉर्फा हॅलिस, चितकबऱ्या तपकिरी रंगाचा. मूळचा चीन, जपान, कोरिया, तैवानकडचा. 1990च्या दशकाच्या मध्यात तो अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनला पोचला, पण त्याची नेमकी ओळख पटायला 2001 उजाडलं. पुढे तो युरोपभर पसरला. त्याच्या मिशांवर पांढरे पट्टे असतात, खांदे गुळगुळीत असतात आणि पोटाच्या कडेला काळे-पांढरे चौकोन एकाआड एक दिसतात. मिशांवरचे पट्टे आधी बघा, बाकीचं नंतर.

आता तोतया. पोडिसस मॅक्युलिव्हेंट्रिस हा तपकिरी, त्याच कुळातला, त्याच आकाराचा. पण तो अळ्या आणि इतर किडी शोषून जगतो. त्याचे खांदे दोन्ही बाजूंना काट्यासारखे टोकदार असतात आणि पंखांच्या पारदर्शक टोकावर एक काळी रेघ असते. तरी सर्वांत खात्रीची खूण सोंडेत आहे. किडा काडीवर घेऊन उलटा करा. झाडाचा रस पिणाऱ्याची सोंड बारीक, पोटाला चिकटून झोपलेली दिसते. शिकाऱ्याची सोंड जाड असते, मिशीच्या दुप्पट म्हणा, आणि बुडापासून मोकळी, पुढे काढता येणारी. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितल्या की पुन्हा भिंग लागत नाही.

पिल्लं ओळखणं थोडं कठीण, कारण ती पाच वेळा कात टाकतात आणि दर वेळी रंग बदलतात. अंड्यातून नुकती निघालेली लाल-काळी आणि गोल असतात. नवखा माणूस त्यांना ढालकिडे समजून जपतो. लक्षात एवढंच ठेवा: ढालकिडे आपल्या रिकाम्या अंड्यांवर गोल करून बसत नाहीत, ही पिल्लं बसतात.

पायरी 3: अंडी वाचायला शिका

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा. पानाची खालची बाजू, दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि अर्धा तास, एवढंच भांडवल.

ढेकणाची अंडी पुंजक्यात असतात, पिंपाच्या आकाराची, ओळीनं उभी, वर गोल झाकण. हॅलिओमॉर्फाच्या पुंजक्यात बहुतेक वेळा 28च्या आसपास अंडी, रंग फिकट हिरवट-पांढरा. नेझाराच्या पुंजक्यात साठ ते शंभर असू शकतात, षटकोनी रचनेत घट्ट बसवलेली. पोडिससची अंडी काशाच्या रंगाची असतात आणि झाकणाभोवती लांब पापण्यांसारखे काटे असतात. पापण्या दिसल्या तर हात लावू नका, ती मित्राची आहेत.

आता एकेक अंडं बघा.

झाकण उघडलेलं, कड नीट गोल, अंडं पांढरं रिकामं: पिल्लू निघून गेलं. झाकणापाशी एक इवलासा काळा त्रिकोणही दिसेल. पिल्लू त्याच्याच जोरावर झाकण उचलतं.

अंडं करडं किंवा काळं पडलेलं, अजून बंद: आत बहुधा ढेकणाच्या अंड्यात आपलं अंडं घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय. पण उतावीळ होऊ नका. नेझाराची अंडी उबण्याआधी गुलाबी-नारिंगी होतात आणि हॅलिओमॉर्फाच्या अंड्यात लाल डोळ्यांचे ठिपके दिसू लागतात. तो रंग ढेकणाचाच. काळं म्हणजे सगळं अंडं आतून काळवंडलेलं.

वर कुरतडून पाडलेलं वेडंवाकडं गोल भोक, झाकण उचललेलं नाही: गांधीलमाशी बाहेर पडली. हे भोक दिसलं की त्या दिवशीची फवारणी रद्द करायला हरकत नाही.

अंडं बसकं, चिपाडासारखं, एक बारीक छिद्र: कोणीतरी सोंडेनं शोषलं. आणि पुंजक्याच्या जागी नुसती फाटकी टरफलं किंवा डिंकाचे ठसेच उरले असतील तर चावणाऱ्या शिकाऱ्यानं ताव मारला. रातकिडे आणि लांब मिशांचे नाकतोडे यात तरबेज. दिवसा ते दिसत नाहीत, म्हणून त्यांना श्रेय मिळत नाही.

ही गांधीलमाशी आहे तरी केवढी? दोन मिलिमीटरहूनही लहान, काळी, डंख मारू न शकणारी. मुख्यतः ट्रिसोल्कस आणि टेलेनोमस या वंशांतली. एकदा रास्पबेरीचं पान उलटलं तर पुंजक्यावर मोहरीच्या दाण्याहून छोटं काहीतरी फिरत होतं. फुंकर मारली, ते उडालं नाही. भिंगाखाली ती मादी एका अंड्यावर टेकली, मागचं टोक आत घातलं, बराच वेळ तशीच स्थिर राहिली, मग ते टोक अंड्याच्या झाकणावरून आठाच्या आकड्यासारखं फिरवलं आणि पुढच्या अंड्यावर गेली. ती खूण असते: हे अंडं भरलं, यात पुन्हा घालू नको. सगळी अंडी झाल्यावरही ती हलली नाही. दुसरी तशीच एक काळी माशी आली तर तिला हुसकावत राहिली. पानाच्या चार बोटं जागेत एवढी भांडणं चालतात आणि आपण पान खुडून मोकळे होतो.

हॅलिओमॉर्फाच्या मूळ प्रदेशातली अशी माशी म्हणजे ट्रिसोल्कस जपॉनिकस, तिला समुराई वास्प म्हणतात. अमेरिकेत शास्त्रज्ञ तिला क्वारंटाइनमध्ये कुलूपबंद ठेवून अभ्यास करत होते, तेवढ्यात 2014 साली ती मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला उघड्यावर सापडली. कोणी सोडलेली नव्हती, आपली आपण आलेली. इटलीनं 2020पासून परवानगीनं तिला मुद्दाम सोडायला सुरुवात केली. न्यूझीलंडनं तर हा ढेकूण देशात स्थायिक होण्याआधीच, 2018 साली, गरज पडल्यास ही माशी सोडायला सशर्त मान्यता देऊन ठेवली.

बाहेरून आलेल्या ढेकणाच्या बाबतीत स्थानिक माश्यांची पंचाईत होते. त्या त्याच्या अंड्यात आपली अंडी घालतात, पण त्यांचं पिल्लू बऱ्याचदा आत पूर्ण वाढत नाही. माशीचा वंश तिथे वाया जातो. मात्र ढेकणाचं अंडंही अनेकदा त्या झटापटीत मरतं. म्हणून न उबलेलं, रंग उडालेलं, बंद अंडं दिसलं तरी ते आपल्या खात्यात धरा.

पायरी 4: बाकीचे मित्र, धावती ओळख

प्रौढ ढेकणाच्या पाठीवर किंवा पोटाला पांढरा, अंडाकृती ठिपका चिकटलेला दिसला तर त्या ढेकणाला सोडून द्या. ते ट्रायकोपोडा या टॅकिनिड माशीचं अंडं आहे. नारिंगी पोट, मागच्या पायांवर पिसासारखी झालर, अशी ही माशी नेझारावर खास लक्ष ठेवते, कारण नर ढेकूण मादीला बोलवायला जो गंध सोडतो त्याचाच माग ती काढते. अळी ढेकणात शिरते आणि आतून खात राहते; मादी ढेकणाची अंडी घालण्याची ताकद जाते, शेवटी अळी बाहेर पडून जमिनीत कोष करते आणि ढेकूण मरतो. एका ढेकणावर चार-पाच ठिपके असले तरी अळी एकच जगते. हॅलिओमॉर्फावर मात्र या माशीची मात्रा फारशी चालत नाही.

वाळूत बिळं करणाऱ्या काही गांधीलमाश्या, उदाहरणार्थ बायसर्टिस, ढेकणाची पिल्लं डंखानं बधिर करून आपल्या अळ्यांसाठी बिळात साठवतात. शेताच्या कडेला उघडी, वाळूसर जमीन असेल तर सगळीकडे आच्छादन घालू नका, एक पट्टा तसाच ठेवा. उड्या मारणारे कोळी, प्रार्थना कीटक, क्रायसोपाच्या अळ्या, शिकारी रेड्युव्हिड ढेकूण हे सगळे मिळेल ते खातात, त्यात ढेकणाची पिल्लंही आली. यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये आणि यांना मारूही नये.

पायरी 5: मोजा

सकाळी लवकर, गारव्यात जा. ढेकूण तेव्हा सुस्त असतो, उडत नाही, फांदीला टपली मारली की टपकन खाली पडतो. फांदीखाली पांढरं कापड धरा, दोन-तीन टपल्या मारा, पडलेले मोजा. बांधाकडच्या ओळीपासून सुरुवात करा, कारण प्रौढ ढेकूण बाहेरच्या झाडांवरून उडत येतात आणि आधी कडेला उतरतात. आतल्या ओळींत काही नसेल तर काम कडेपुरतंच आहे.

गंध-सापळे मिळतात. ते फक्त ढेकूण आले का हे कळण्यासाठी वापरा आणि बागेबाहेर लावा. सापळ्याच्या वासावर आलेले सगळे सापळ्यात पडत नाहीत, बरेचसे शेजारच्या झाडावर बसून जेवतात. बेरीच्या ओळीत सापळा लावणं म्हणजे पत्ता देऊन बोलावणं.

पायरी 6: फवारणीशिवाय जे होतं ते आधी

साबणाच्या पाण्याची बादली हा सर्वांत चांगला डाव. ढेकूण घाबरला की स्वतःला खाली सोडून देतो, म्हणून बादली आधी खाली धरायची आणि मग फांदी हलवायची. उलटं केलंत तर तो गवतात जातो. चिरडू नका, फळाला आणि बोटांना वास लागतो.

हॅलिओमॉर्फाची पिल्लं पहिली कात टाकेपर्यंत रिकाम्या अंड्यांवरच बसून असतात. आईनं अंड्यांवर चोपडून ठेवलेले जिवाणू ती चाटतात. ते पोटात गेले नाहीत तर पुढे नीट जगत नाहीत. हे दोन-चार दिवस साधले तर एका पानात पूर्ण घराणं बादलीत जातं.

बांधावरचं तण हा नाजूक विषय. पुष्कळ ढेकूण तिथेच वाढतात, हे खरं. पण फळं रंग धरत असताना तण कापलंत तर तिथले झाडून सगळे बेरीवर येतील. कापायचं असेल तर फळं लागण्याच्या बरंच आधी कापा, नाहीतर तोडणी संपेपर्यंत हात लावू नका.

सूर्यफूल किंवा ज्वारीची सापळा-ओळ लावणारे लावतात. दाणे भरताना ढेकूण तिकडे जातात. तिथे रोज बादली घेऊन जायची तयारी असेल तरच लावा, नाहीतर तुम्ही ढेकणांचं पाळणाघर चालवताय. जाळी लावायची तर फुलं गळून फळं धरल्यावर, कारण आधी मधमाश्यांना वाट हवी.

अंड्यांवरच्या गांधीलमाश्यांसाठी फुलं हवीत, तीही उथळ, कारण त्यांचं तोंड छोटं. बकव्हीट, अ‍ॅलिसम, बडीशेप, शेपू, फुलावर सोडलेली कोथिंबीर. मध मिळाला की या माश्या जास्त दिवस जगतात आणि जास्त अंडी शोधतात.

पायरी 7: फवारणी करायचीच झाली तर

मी फवारणीच्या विरोधात नाही, घाईच्या विरोधात आहे. पायरेथ्रॉइड मारल्यावर ढेकूण उताणे पडतात, पाय झाडतात, आपण खूश होऊन घरी येतो. हॅलिओमॉर्फाच्या बाबतीत त्यातले काही पुढच्या दिवसांत उठून बसतात, हे अभ्यासात दिसलेलं आहे. गांधीलमाशी मात्र उठत नाही. शिवाय शिकारी किडे गेल्यामुळे लाल कोळी उसळला की दुसरी फवारणी आलीच.

म्हणून लहान पिल्लं असतानाच फवारा. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन किंवा कीटकनाशक साबण पिल्लांवर चालतो, प्रौढावर फार नाही. सगळी बाग भिजवण्याऐवजी कडेच्या ओळी घ्या. फुलं असताना नको. औषध त्या बेरीसाठी मंजूर आहे का आणि फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचं, हे लेबलवर वाचा. बेरी दर दोन-तीन दिवसांनी तोडली जाते, त्यामुळे बरीचशी औषधं या एका अटीवरच बाद होतात.

शंका असेल तर: बाटलीचा प्रयोग

पुंजका कोणाचा, आत काय वाढतंय, हे कळत नसेल तर पानाचा तेवढाच तुकडा कापून काचेच्या छोट्या बाटलीत ठेवा. तोंडाला कापसाचा घट्ट बोळा; साधं कापड बांधलंत तर एवढीशी माशी विणीतून निघून जाते. बाटली सावलीत ठेवा, आत पाण्याचा थेंब नको, अंड्यांना बुरशी येते. बाहेर चिठ्ठी लावा: तारीख, ओळ, कोणत्या झाडावर. उबदार हवेत ढेकणाची पिल्लं आठवड्याच्या आत निघतात. तोवर काही झालं नाही आणि अंडी काळवंडत गेली तर आणखी आठवडाभर थांबा. गांधीलमाश्यांना साधारण दोन आठवडे लागतात. नर आधी निघतात आणि बहिणींची वाट बघत अंड्यांवरच घोटाळतात, म्हणून पहिली माशी दिसल्याबरोबर बाटली उघडू नका.

सगळ्या निघाल्या की बाटली ज्या ओळीतून आणली तिथेच परत न्या. दुसऱ्या प्रदेशातून आणलेल्या माश्या सोडायला बहुतेक देशांत परवानगी लागते, त्या फंदात पडू नका. ढेकणाची पिल्लं निघाली तर बाटली साबणाच्या पाण्यात. माश्या निघाल्या तर दुपारच्या उन्हात नाही, संध्याकाळी, बोळा काढून बाटली पानांच्या आत आडवी टेकवून ठेवा. सकाळपर्यंत रिकामी होते.